भाद्रपदातले ओले काजू

देवरुखच्या बाजारात हल्ली लोक मला थांबवून विचारतात, "काय वो, आफ्रिकेत जाऊन नक्की काय शिकवून आलात?" मी सांगते, काजू फोडायला. समोरच्याचा चेहराच पडतो. परदेशात शिकवायला डॉक्टर जातात, इंजिनियर जातात, कुणी कॉम्प्युटर शिकवायला जातं. काजू फोडायला शिकवण्यासाठी एका बाईला कुणी विमानात बसवेल यावर त्यांचा विश्वास बसत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे. यापुढे कुणी विचारलं तर वहीच पुढे करीन.

देवरुखपासून थोड्या अंतरावर आमच्या गावात माझा काजूचा छोटा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, वाफवायचा बॉयलर, फोडायची पायडलची मशिनं आणि चौदा बायका. तेवीस वर्षं हेच करते आहे. टरफलातून गर अख्खा, पांढरा, डाग न पडता बाहेर काढायचा, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. टरफलातलं तेल बोटांना लागलं की सालपटं निघतात, आणि पाय जरा जोरात पडला की गराचे दोन तुकडे. परदेशी गावांमध्ये असली हातची कामं शिकवायला स्वयंसेवक पाठवणारी एक संस्था आहे. तिच्या बाई आमचं काम बघायला आल्या होत्या. दुपारभर बसल्या, ओंजळभर गर निरखून बघितले आणि जाताना म्हणाल्या, "टांझानियात पाच आठवडे याल का?" मी आधी हो म्हटलं आणि घरी येऊन नकाशात टांझानिया शोधला.

घरात हो म्हणायला वेळ लागला. तारखा नेमक्या श्रावणाच्या मध्यावर सुरू होऊन भाद्रपदात संपत होत्या. आमचे हे निवृत्त शिक्षक. एरवी कशालाच आड येत नाहीत, पण यावेळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "गनपतीत तू घरात नसनार? आनि मोदक कोन वळनार, मी?"

"वळा की. हात हायत ना?" मी म्हटलं.

मुंबईहून घरी परतायला ज्या दिवसांत माणसं नोकऱ्यांवर पाणी सोडतात, त्या दिवसांत कोकणातली बाई उलट दिशेने निघाली. गावात जे बोललं जायचं ते बोललं गेलंच.

विळी आणि बकरी

विमानप्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाय सुजले. दारेसलामच्या विमानतळावर मात्र गंमत झाली. मी सामानात माझी विळी नेली होती. परक्या मुलखात दुसऱ्याच्या सुरीने नारळ खवणं मला जमणार नव्हतं. तिथल्या अधिकाऱ्याने बॅग उघडायला लावली आणि ते पातं वर धरून कपाळाला आठ्या घातल्या. माझं इंग्रजी अशा वेळी दगा देतं. शेवटी मी विळी त्याच्या हातातून घेतली, खाली फरशीवर मांडली, तिच्यावर बसले आणि हवेतल्या नारळाची वाटी खवून दाखवली. रांगेतली माणसं बघत राहिली. अधिकारी मोठ्याने हसून ओरडला, "म्बूझी!" म्बूझी म्हणजे बकरी. नारळ खवायच्या त्यांच्या लाकडी घडीच्या पाटाला ते बकरी म्हणतात, आणि त्याच्या आईकडे तस्साच पाट होता. मला विळीसकट सोडलं.

न्यायला नेमा आली होती. ही शेतकी शाळेत शिकलेली अठ्ठावीस वर्षांची मुलगी माझी दुभाषी. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळे आमचं छान जमलं. आम्ही दोघी दक्षिणेकडच्या समुद्रकाठच्या एका गावी पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे झालं ते त्या गावाच्या घरातलं आहे. गाडीतून उतरले आणि पायाखाली बघितलं तर लाल माती. समोर नारळ, आंबा आणि लांबवर काजूच काजू. वाऱ्याला मिठाचा वास. एवढं अंतर तोडून मी काय गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच उतरले की काय, असं क्षणभर वाटलं.

बीबी

माझी राहण्याची सोय बीबी सोमोये यांच्याकडे होती. बीबी म्हणजे आजी, पण हे नातं ऐकून मऊ बाई डोळ्यांपुढे आणू नका. सत्तरीच्या, उंच, ताठ, कमी बोलणाऱ्या. गावातल्या सोळा बायकांच्या गटाच्या त्या प्रमुख. तिथे वडीलधाऱ्यांना "शिकामू" म्हणतात, आपण वाकून पाया पडतो त्या जागी. मी पहिल्याच भेटीत म्हटलं. त्यांनी "मराहबा" म्हणून ते स्वीकारलं आणि मला नखशिखांत न्याहाळलं. नाकावर माशी बसू न देणारी बाई मी एरवी आरशात बघते. तिथे ती समोर उभी होती.

गटापुढचा प्रश्न नेमाने समजावून दिला. गावात पिढ्यान् पिढ्या काजू होतो, पण बी पोत्यात भरून जशीच्या तशी बाहेर जाते, बरीचशी आपल्याच देशात. फोडायचं काम गावात करावं म्हणून सहकारी संस्थेने या बायकांना गोदामातली एक खोली आणि संस्थेची मशिनं दिली होती. पण हंगाम तोंडावर आला होता, पोती ठेवायला सहकारी संस्थेला खोली हवीच होती. मुदत ठरली होती. बंदराच्या शहरातला व्यापारी महिनाअखेर येणार, त्याला पंचवीस किलो अख्खा गर वानगीदाखल द्यायचा. त्याला पसंत पडला तर खोली बायकांची. नाही पडला तर मशिनं उचलून बाहेर.

पहिल्या दिवशी त्यांचं काम बघितलं आणि मी डोक्याला हात लावला. गेल्या हंगामातली चांगली बी, चांगले हात, आणि ताटात नुसत्या पाकळ्या न् तुकडे. वाफवलेली बी गरम गरमच फोडत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "असं नाय. सगळं बंद करा." नेमाने ते बरंच मऊ करून सांगितलं असावं, तरी मशिनं थांबली. बीबींनी हातातली बी खाली ठेवली, पुसलेल्या हातांची घडी घातली आणि मी काय करते ते बघत बसल्या.

मी करून दाखवलं. बी आधी चाळून लहान-मोठी वेगळी करायची, कारण पात्यांमधलं अंतर एका मापाचं असतं. वाफवल्यावर पूर्ण दिवस पसरून ठेवायची, टरफल टणक होऊ द्यायचं. मग पाय हलका. पायडलवर पाय द्यायचा नाही, नुसता ठेवायचा आणि टरफल चिरल्याचा आवाज कानाने ऐकायचा. मी शंभर बिया फोडल्या, त्यांतले शहाण्णव गर अख्खे निघाले. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला माझा भयंकर अभिमान वाटला. तेवीस वर्षांत आमच्या शेडमध्ये या कामाचं कुणी कौतुक केलं नव्हतं, आणि इथे सोळा बायका माझ्या पायाकडे बघत होत्या.

दोन आठवड्यांत त्यांचे हात बसले. बीबींचे सगळ्यात आधी.

श्रावणातला पाहुणा

जेवणाचा घोळ वेगळाच. समुद्रकाठचं गाव, नारळाच्या रसातली ताजी मासळी रोज ताटात, आणि माझा श्रावण चाललेला. मासे न खाणारी समुद्रकाठची बाई त्यांना आजारी वाटली. शेजारच्या दोघी पपईच्या पानांचा काढा घेऊन आल्या. नेमाने समजावल्यावर बीबींनी मला नारळाच्या दुधात शिजवलेली घेवड्याची उसळ आणि भात वाढायला सुरुवात केली. भातही नारळाच्या दुधातला. गूळ घातला असता तर नारळीभातच झाला असता. मक्याच्या पिठाचा उगाली नावाचा पांढरा गोळा मात्र मला शेवटपर्यंत जमला नाही. तो हाताने दाबून, खळगा करून, त्यात कालवण घेऊन खायचा असतो. माझं कालवण नेहमी मनगटावरून कोपरापर्यंत. बीबी त्या वेळी तोंड फिरवून हसायच्या, हे मला नेमाने सांगितलं.

घरी फोन झाला की आमचे हे मोदकांच्या सरावाची बातमी द्यायचे. "कळ्या पडतायत, पन मोदक फुटतोय," म्हणायचे. मी म्हणायचे, हात हलका ठेवा. दिवसभर तेच वाक्य सोळा जणींना सांगून झालेलं असायचं.

चतुर्थी

चतुर्थीच्या सकाळी जाग आली आणि मला रडू कोसळलं. आमच्या अंगणात या वेळी काय चाललं असेल ते सगळं डोळ्यांपुढे आलं. मी सुपारी बरोबर नेली होती. खोलीतल्या स्टुलावर तिचाच गणपती मांडला, लाल फूल वाहिलं. नैवेद्याला काय करावं म्हणून बाहेर आले. बीबी शेतावर गेल्या होत्या.

अंगणाच्या कडेला त्यांचं काजूचं झाड. त्याला हिरवीगार, कोवळी बी लोंबत होती. कोकणातल्या माणसाला काय झालं असेल ते सांगायला नको. ओल्या काजूची उसळ! आपल्याकडे ती शिमग्याच्या आसपास मिळते, आणि गणपतीत करायची तर सुकवलेले गर भिजत घालून मन मारावं लागतं. भाद्रपदात ओले काजू झाडावर, चतुर्थीच्या दिवशी! देवाला याहून अपूर्व काय देणार होते मी? परातभर काढले. हाताला तेल लावलं, विळीवर एकेक चिरून गर काढले, गरम पाण्यात टाकून साली सोडवल्या, नारळाचं वाटण लावलं. टरफलं चुलीमागच्या खड्ड्यात टाकली. नैवेद्य दाखवला, पोटभर जेवले आणि बीबींसाठी वाडगाभर उसळ झाकून ठेवली. किती दिवसांनी इतकी सुखाने झोपले.

सकाळी वाडगा धुऊन पालथा घातलेला होता. बीबी घरात नव्हत्या. गोदामात गेले तर कुणीच नाही. मशिनं गप्प. दहा वाजता नेमा आली, आणि तिच्याकडून सगळं कळलं.

तिथे हंगामाआधी काजूच्या झाडाला कुणी हात लावत नाही. मालकसुद्धा नाही. बी पिकून आपली आपण खाली पडली की वेचायची. कच्ची बी मालात मिसळली की सगळ्या गावाच्या पोत्यांची प्रत उतरते, आणि एकाला तोडायची मुभा दिली की कुणी कुणाच्या झाडाची तोडली हे कळायचा मार्ग राहत नाही. म्हणून गावाने नियम केलेला. ज्याच्या घरात हिरवं टरफल सापडेल तो दोषी. माझी परातभर टरफलं पहाटे कुणाच्या तरी कोंबड्यांनी अंगणभर पसरली होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ती बघितली होती. गावाच्या अध्यक्षाने बीबींना विचारलं. बीबी म्हणाल्या, "टरफलं माझ्या घरातली आहेत."

"माझं नाव का नाय सांगितलं?" मी विचारलं.

"पाहुण्याचं नाव सांगत नाहीत," नेमा म्हणाली. आज दुपारी बैठक होती. नियम मोडणारी बाई गटाची प्रमुख राहू शकत नाही, आणि गटाला दिलेली खोली तिच्या शब्दावर दिलेली होती. व्यापारी यायला नऊ दिवस उरले होते. नेमा हळूच म्हणाली, "तुम्ही थोड्या दिवसांनी जाल. हे गाव आपलं आपण मिटवेल."

माझं डोकंच फिरलं. शरमेने की रागाने, अजून नीट सांगता येत नाही. मी बीबींच्या स्वयंपाकघरातला एक नारळ उचलला आणि नेमाच्या हाताला धरून निघाले.

बैठक आंब्याच्या झाडाखाली होती. मी सरळ मध्ये जाऊन नारळ जमिनीवर ठेवला. आमच्याकडे गावापुढे चूक कबूल करायची तर नारळ ठेवतात. इंग्रजी सुचेना, तेव्हा मी आमच्या बोलीतच सुरू केलं. "टरफलं माजी हायत. झाडाला हात मी लावला. बीबींना काय म्हायती नव्हतं. आमच्याकडं ओला काजू खातात, पन तुमच्याकडं खात नायत हे इचारायला पायजे हुतं, ते मी इचारलं नाय. तीन आठवडे तुमाला शिकवताना मी एकदा पन कायसुद्धा इचारलं नाय. चूक माजी हाय." नेमाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. मग ते मोडक्या इंग्रजीत तिला सांगितलं, तिने त्यांच्या भाषेत. तिसऱ्यांदा सांगितलं जात असताना मला ते ऐकवेना.

अध्यक्ष म्हातारे, भले गृहस्थ होते. नारळाचं काय करायचं ते त्यांना कळलं नाही, पण बाकी कळलं. ते म्हणाले, पाहुण्या आहेत, शिक्षिका आहेत, माहीत नव्हतं, सोडून देऊ. माणसं माना हलवू लागली. तेवढ्यात बीबी उठल्या.

"दोष नसताना मी शिक्षा घेणार होते," त्या म्हणाल्या. "हिचा दोष आहे, तर हिला का नाही? आमच्या घरची असती तर सोडली असती का?"

झाडाखाली हशा पिकला. मी मात्र हसले नाही. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. परक्या माणसाला माफ करणं सोपं असतं. मला त्या बाईने आपल्यातलं धरलं होतं. शिक्षा ठरलेली होती : शाळेच्या वाडीतल्या काजूंखालची जमीन साफ करायची, पडलेली बी दिसावी म्हणून.

नारळ बीबींनी घरी नेला आणि त्यात मासे शिजवले.

शाळेची वाडी

बेणणीचं काम मला नवीन नव्हतं. मी पदर खोचला, उकिडवी बसले आणि कोयत्यासारखं एक वाकडं हत्यार मिळालं त्याने रान कापत सुटले. त्यांच्याकडे हे काम उभ्याने, कमरेत वाकून करतात. बसून पुढे पुढे सरकणारी बाई बघायला शाळेची मधली सुट्टी सगळी कुंपणावर येऊन बसली. दोन दिवस लागले, चोपन्नाव्या वर्षी गुडघ्यांनी शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मागे काटक्यांचा आवाज आला म्हणून वळून बघितलं, तर बीबी कापलेलं गवत ओढून ढीग लावत होत्या. मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. दोघींनी मिळून वाडी संपवली.

मग उरले सात दिवस. त्या सात दिवसांत मी बोलले कमी आणि विचारलं जास्त. त्यामुळे कळलं की बी वाळली की नाही हे हलदा नावाची बाई दाताखाली न घेता, नुसती दोन बिया एकमेकींवर आपटून सांगते. आमच्या शेडमध्ये मी आता तसंच करते.

वानगी

व्यापारी यायच्या सकाळी पंचवीस किलो गर ताटांमध्ये तयार होता. शेवटची निवड मी स्वतः केली होती. बीबी आल्या, उजेडात बसल्या आणि माझ्या निवडलेल्या ताटातून एकेक गर उचलून बाजूला टाकू लागल्या. अकरा गर. मी ते बघितले. पोटाकडे फिकट पिवळसर झाक होती, असेल-नसेल इतकी. देवरुखला मी ते डोळे झाकून पास केले असते, आणि केलेही होते. मी काही बोलणार होते, बीबींनी नुसती मान हलवली. अकरा दुसरे गर भरले.

व्यापाऱ्याचा माणूस आला. त्याने काळं फडकं अंथरून त्यावर गर ओतले, पसरले, उलटे केले, दोन खाल्ले. पुन्हा ताटाच्या तळातून मूठ काढली. सोळा जणी भिंतीला टेकून उभ्या. मी त्यांच्या कडेला. त्याला नाव ठेवायला एकही तुकडा सापडेना, हे त्याच्या चिडलेल्या बोटांवरून कळत होतं. शेवटी त्याने फडकं झटकलं आणि विचारलं, "दर आठवड्याला इतका देऊ शकाल का?"

बीबींनी आनंद दाखवला नाही. त्या म्हणाल्या, "याच्यापेक्षा चांगला देऊ."

खोली बायकांची झाली. मी भिंतीमागे जाऊन हमसून हमसून रडले. काजूसाठी कुणी इतकं रडलं नसेल.

निघताना

माझी गाडी दोन दिवसांनी सकाळी आठला निघायची होती. बीबी पहाटेच बाहेर पडल्या होत्या. वाटलं, निरोपाची काही तयारी चालली असेल. तिथे पाहुण्याला नाचत, गात पोचवायला येतात असं नेमाने सांगितलं होतं, आणि मी त्यासाठी जरीची साडी नेसून बसले होते. आठ वाजत आले तरी कुणी नाही. शेवटी नेमा आणि मी गोदामाकडे गेलो.

आतून मशिनांचा आवाज येत होता. मी दारात उभी राहिले. सोळाही जणी आपापल्या जागी होत्या, माना खाली, पाय हलके. आदल्या दिवशीची बी मुरून तयार झालेली होती, आणि तयार झालेली बी थांबत नाही. तासाभराने तिचं टरफल वातड होतं, मग गर फुटतो. ज्या एक-दोघींनी मला बघितलं त्यांनी मान किंचित हलवली आणि पुन्हा पात्याकडे नजर लावली. बीबींनी बघितलंच नाही. त्या कानाने काम करत होत्या.

नेमा ओशाळली. "हाक मारू का?" म्हणाली.

मी तिचा हात धरला. "हाक मारशील तर बघ," म्हटलं.

थोडा वेळ नुसता आवाज ऐकत उभी राहिले. कट, कट, कट, सोळा पायांचा. एकही पाय चुकत नव्हता. मग साडीचा पदर सावरून मी मुकाट्याने गाडीकडे चालू लागले. माझ्या उभ्या आयुष्यात मला इतका मोठा मान कुणी दिला नव्हता.